धूर गिळणारी गाडी

पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीचं बोनेट उघडून दांडी लावा, पाच मिनिटांत माणसं जमतात. सोसायटीच्या वार्षिक सभेला कोरम भरत नाही. अर्धा तास वाट बघून ती तहकूब करावी लागते आणि मग त्याच जागी, त्याच सात माणसांत उरकावी लागते. उघड्या बोनेटला ही अडचण नाही. येणारा प्रत्येक जण आधी आत डोकावतो, मग "हं" म्हणतो आणि मग विचारतो, "काय झालं?" आधी "हं" आणि नंतर प्रश्न, हा क्रम मी कधी मोडलेला पाहिलेला नाही. निदान झालेलं असतं, फक्त आजार कोणता हे विचारायचं राहिलेलं असतं.

माझी गाडी डिझेलची आहे, आणि बीएस सिक्सची आहे. या दोन वाक्यांत माझी पत्रिका आली. ज्यांनी मॅटाडोरच्या मागून कात्रजचा घाट चढलाय त्यांना डिझेलबद्दल वेगळं सांगायला नको. तेव्हाचा व्यवहार सरळ होता. पुढच्याने धूर सोडायचा, मागच्याने काच वर करायची. धूर काळा येतोय म्हणजे गाडी दमदार आहे असंच समजायचे. डिझेल इंजिनाला कशाचंच काही वाटायचं नाही. रॉकेल घातलं तरी ते चालायचं, आणि घालणारेही पुष्कळ होते.

मग १ एप्रिल २०२० उजाडला. सगळा देश दारं लावून घरात बसला होता, रस्त्यावर कुत्र्यांशिवाय कुणी नव्हतं, आणि त्या दिवशी देशभरातल्या गाड्यांचा धूर कमी करणारा बीएस सिक्सचा नियम लागू झाला. अंमलबजावणी इतकी कडक, की पहिले काही आठवडे धूर जवळजवळ आलाच नाही. बीएस फोरवरून आपण थेट सहावर गेलो. पाच वगळायचं सरकारनं २०१६ मध्येच ठरवलं होतं. डिझेल गाडीला आधी किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम काजळी माफ होती, ती साडेचारवर आली. म्हणजे मुंबईहून पुण्याला येईपर्यंत गाडीनं पाऊण ग्रॅमसुद्धा काजळी सोडायची नाही. आमच्या देवघरातली धुपाटणी या परीक्षेत पहिल्याच आरतीला नापास होईल. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन मारुतीपासून टाटापर्यंत इतक्या गाड्यांत बसलं होतं की लोक त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणत; ते या नियमापुढे निवृत्त झालं. मारुतीनं तर डिझेलचं दुकानच बंद केलं. अशा गाड्या जिथं तपासतात ती एआरएआय ही संस्था आमच्या पुण्यात, वेताळ टेकडीवर आहे. त्याच टेकडीवर निम्मं कोथरूड सकाळी शुद्ध हवा घ्यायला जातं.

मात्र नियमानं धूर संपला नाही. तो आत राहायला आला. पूर्वी जो नळकांड्यातून सुखानं बाहेर पडत होता त्याला आता घरातच तीन ठिकाणी अडवतात. पहिल्या ठिकाणी, म्हणजे ईजीआरमध्ये, थोडा धूर परत इंजिनात पाठवतात, म्हणजे आतला जाळ जरा मंदावतो आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी तयार होतात. दुसरं ठिकाण डीपीएफ. ही सिरॅमिकची गाळणी असते. हवा भिंतीतल्या छिद्रांतून पार होते, काजळी मागे राहते. गाळणी भरत आली की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल आत सोडते, तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेते आणि साठलेली काजळी जाळून टाकते. याला रीजन म्हणतात. तिसऱ्या ठिकाणी युरिया शिंपडतात. त्याचं पुढे येईलच.

गंमत अशी की रीजनला सलग वेग लागतो. वीस-पंचवीस मिनिटं, न थांबता, साठच्या पुढे. ज्यानं हे ठरवलं तो सिंहगड रोडला राहत नसणार.

तर माझ्या गाडीत एका सकाळी पिवळा दिवा लागला. ते इंजिनाचं चित्र आहे असं पुस्तिकेत लिहिलंय. आमच्या हिला तो नळ वाटतो, मुलीला हेलिकॉप्टर. त्याबरोबर गाडीनं ताकद काढून घेतली. ॲक्सिलरेटर तळाला लावला तरी ती आपल्याच चालीनं निघाली. या अवस्थेला लिंप मोड म्हणतात. आपण आजारी आहोत हे गाडीला कळलं की ती जपून चालायला लागते. माझ्या मात्र हे बऱ्याच उशिरा लक्षात आलं, कारण राजाराम पुलापासून पुढे कुणाचीच गाडी त्याहून जोरात जात नव्हती.

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलानं टॅबलेटवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "सर, डीपीएफ गेलाय." ज्या आवाजात तो हे म्हणाला त्या आवाजात एरवी फक्त माणसं जातात. मी अभावितपणे "कधी?" असं विचारलं. नवा बसवायला दीड लाखाच्या पुढे, लेबर वेगळं, जीएसटी वेगळा. कॉफी फुकट होती. फुकट कॉफी मिळाली की मी खिसा चाचपतो. "विचार करून सांगतो," असं म्हटलं आणि त्याच चालीनं घरी परत आलो.

आता घरी काय करता येईल? पूर्वीचा मेकॅनिक कान लावून सांगायचा. हल्लीच्या गाडीला आधी विचारावं लागतं आणि ती कोडमध्ये उत्तर देते. त्यासाठी काडेपेटीएवढा एक स्कॅनर मिळतो. स्टिअरिंगखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या वर कुठेतरी सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात तो खुपसायचा आणि ब्लूटूथवरून मोबाइलमध्ये वाचायचं. जाहिरातीतला माणूस हे उभ्या उभ्या करतो. प्रत्यक्षात ते सॉकेट दिसायला डोकं पेडलपाशी आणि पाय दाराबाहेर, अशा आसनात जावं लागतं. मी तसा असताना वॉचमन धावत आला आणि माझे पाय धरून म्हणाला, "साहेब, चक्कर आली का?" मी आतून "नाही, पोर्ट शोधतोय," असं सांगितलं. त्यामुळे त्याची खात्रीच पटली.

कोड आला पी २००२. तोवर बोनेट उघडलेलं असल्यामुळे बी विंगमधला आयटीतला मुलगा आलेलाच होता. त्यानं मोबाइल हातात घेतला.

"काका, डीपीएफची कार्यक्षमता मर्यादेखाली आहे म्हणतंय."

"म्हणजे नक्की काय?"

"म्हणजे अप्रायझलला आमच्याबद्दल लिहितात ते. कारण कुणीच लिहीत नाही."

पोरगं बोलून गेलं, पण मुद्दा बरोबर होता. कोड तक्रार सांगतो, गुन्हेगार सांगत नाही. सर्व्हिस सेंटरनं तक्रार वाचली आणि तक्रारीत ज्याचं नाव होतं त्याला थेट फासावर दिलं.

एव्हाना कोरम भरला होता. "डिझेलमध्ये अमुक बाटली ओता," म्हणणारे एक. "बॅटरीची वायर काढून दहा मिनिटांनी लावा, दिवा जातो," म्हणणारे दुसरे. दिवा तसा कधी कधी जातो, दिव्याचं कारण जात नाही; पण हे त्यांच्या तत्त्वज्ञानात बसत नव्हतं. तिसरे म्हणाले, "पेट्रोलची घ्यायला हवी होती." या सल्ल्याला कुठल्याही अवस्थेत उत्तर नसतं. चौथ्यानं मला बाजूला घेऊन आवाज उतरवला. त्याच्या ओळखीचा एक जण पिंपरीला डीपीएफ "डिलीट" करून देतो. गाळणीचं पोट फोडून आतली जाळी काढतो, वरून वेल्डिंग करतो आणि कॉम्प्युटरला लॅपटॉप लावून गाळणी मुळात नव्हतीच असं पटवतो. ॲव्हरेज वाढतं, पिकअप वाढतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत असले फेरफार करू देत नाही, हे मी सांगितलं तेव्हा त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. कायदा बाजूला ठेवला तरी मला ते जमणारं नव्हतं. सकाळी माझ्या गाडीच्या मागे बहुतेक वेळा शाळेची रिक्षा असते. कोंबून भरलेली, आणि तिला काचाच नसतात.

तेवढ्यात फलटणहून मामाचा फोन आला. आमच्या घरातली कुठलीही बातमी मामापर्यंत पोचायला दीड तास लागतो. यावेळी चाळीस मिनिटांत पोचली होती. मी व्हिडिओ कॉलवर त्याला इंजिन दाखवलं. तो बराच वेळ बघून म्हणाला, "ती निळ्या टोपणाची टाकी कसली रे?"

"डीईएफची. युरियाचं पाणी असतं त्यात. धुरावर मारतात."

पलीकडे शांतता पसरली.

"युरिया? आपला युरिया?"

"तसलाच, पण..."

"म्हणजे आम्ही सोसायटीपुढं पहाटेपासून रांगेत, आणि तुमच्या गाड्या पितात होय रे युरिया!" मामाचा आवाज चढला. मग शेतकऱ्याच्या मूळच्या उदारपणानं तो म्हणाला, "अरे मग सांगायचंस की. गोठ्यात अख्खं पोतं पडलंय. पाठवतो एसटीनं."

त्याला समजवायला जो वेळ गेला त्यात गाडी दोनदा दुरुस्त झाली असती. टाकीतलं द्रावण साडेबत्तीस टक्के शुद्ध युरियाचं असतं, बाकी क्षार काढलेलं पाणी. शेतातला युरिया २०१५ पासून कडुनिंबाचं तेल चोपडलेला येतो. ते तेल पिकाला चांगलं, पण गाडीच्या पोटात गेलं तर तिचा नोझल आणि पुढचा कॅटॅलिस्ट दोन्ही कामातून जातील. मामानं सगळं ऐकून घेतलं. "कडुनिंबानं कुणाचं वाईट झालेलं मी बघितलेलं नाही," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. पोतं पंचेचाळीस किलोचं असतं. ते खरंच निघालं नसेल ना, या धास्तीनं पुढचे काही दिवस मी स्वारगेटवरून आलेला प्रत्येक अनोळखी फोन घेत होतो.

या सगळ्या गर्दीत एक गृहस्थ काहीच बोलत नव्हते. ते दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, सोसायटीतले सगळ्यांचे काका. बनियन, लेंगा, हातात दुधाची पिशवी. सगळे बोलून दमल्यावर त्यांनी पिशवी वॉचमनकडे दिली, गाडी चालू करायला सांगितली आणि डोळे मिटून उभे राहिले.

"फुस्स होतंय."

आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले. आयटीतला मुलगा म्हणाला, मलाही ऐकू येतंय. त्याला काहीही ऐकू येत नव्हतं, कारण त्याच्या कानात इअरफोन होते.

"आमच्या वेळी सेन्सर एकच," काका म्हणाले, "डायवरचं नाक. तुमच्या गाडीला धूर मोजणारं काय असतं ते दाखवा."

ते असतं असं. गाळणीच्या आधी एक आणि नंतर एक अशा दोन बारीक नळ्या निघतात आणि एका सेन्सरला जाऊन मिळतात. गाळणी तुंबत जाईल तसा अलीकडचा दाब वाढतो, पलीकडचा तेवढाच राहतो. या दोन दाबांतला फरक बघून गाळणी किती भरली ते गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. गाळणीच्या आत कुणी डोकावत नाही, सगळा हवाला त्या दोन नळ्यांवर. आता अलीकडच्या नळीलाच भोक पडलं तर? दाब तिथूनच निसटतो, फरक उरतच नाही, आणि कॉम्प्युटर म्हणतो की हवा इतकी बिनधोक जातेय त्याअर्थी मध्ये गाळणीच नाही. एक तर फुटली, नाही तर कुणी काढून नेली. सर्व्हिस सेंटरच्या मते डीपीएफ गेला होता. गाडीच्या मते तो चोरीला गेला होता. आणि तो बिचारा आपल्या जागी बसून काजळी गिळत होता.

टॉर्च मारला. बॅटरीच्या मागे, जिथं हात जात नाही आणि नजर कशीबशी जाते, तिथं काळ्या नळीला शेंगदाण्याएवढं भोक होतं. कडांवर शेजारी शेजारी दोन दातांच्या खुणा, आणि समोरच्या पत्र्यावर भोकातून उडालेल्या काजळीचा पंख्याच्या आकाराचा डाग. बॅटरीच्या ट्रेमध्ये सुक्या खोबऱ्याचा तुकडा, दुधाच्या पिशवीचा कातरलेला कोपरा आणि कुणाच्या तरी देवघरातली तुपाची वात.

"घूस," काका म्हणाले, आणि दुधाची पिशवी परत घेऊन चालायला लागले.

त्यांच्या मागे सगळी चर्चा घुशीवर गेली. बोनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवावीत असं एक मत पडलं, डांबरगोळ्या ठेवाव्यात असं दुसरं. वात कुणाच्या घरची यावर तळमजल्यावरच्या दोन कुटुंबांत थोडं झालं. तुपाची वात परवडते कुणाला, इथपर्यंत ते गेलं.

नळी आणायला नाना पेठेत गेलो. मी नमुना पुढे केला. दुकानदारानं तो न बघता "गाडी?", "साल?", "फोर का सिक्स?" असे तीन प्रश्न टाकले. मी इंधनाची साधी रबरी नळी चालेल का विचारलं. "चालेल की," तो म्हणाला, "परत याल तेव्हा चांगली देतो." इंजिनाचा धूर गरम असतो, साधी नळी त्या उष्णतेनं कडक होऊन तडकते, म्हणून उष्णता सोसणारी घ्यावी लागते. नळी आणि दोन क्लिपा मिळून दोनशेच्या आत आटोपलं. दीड लाखाचं रोगनिदान खिशात असलेल्या माणसाला दोनशे रुपये देताना जो आनंद होतो तो दुकानदाराला कळत नव्हता. मी हसतोय का ते त्यानं दोनदा विचारलं.

बसवण्याबद्दल थोडक्यात सांगतो. मोटारी बनवणारे कुठल्याही देशाचे असोत, त्यांच्याकडे नळ्या बसवायला सहा वर्षांची मुलं असावीत. मोठ्या माणसाचा हात मनगटापर्यंत जातो आणि मग तिथंच राहतो. पक्कडीनं क्लिप दाबून धरायची, सरकवायची आणि नेमक्या क्षणी सोडायची. क्लिप नेमक्या क्षणाच्या आधी सुटली आणि टिण टिण करत गाडीच्या पोटात गेली. सल्ले देताना मागे असलेली सगळी मंडळी आता पुढे सरसावली. चार-पाच मोबाइलचे दिवे आत लागले, जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून दोन प्रतिष्ठित नागरिक गाडीखाली गेले, आणि सोसायटीचे सेक्रेटरी, ज्यांनी लिफ्टचं काम दोन वर्षं काढलेलं नाही, ते "सापडली!" म्हणून ओरडले. ती नट होती. कुठली, ते अजून कळलेलं नाही. गाडी तिच्याशिवाय व्यवस्थित चालते. म्हणून दुसरी क्लिप वापरली आणि पहिलीचा शोध थांबवला.

स्कॅनरनं कोड पुसला. हेलिकॉप्टर उडून गेलं. पण गाळणीत काजळी साठलेली होतीच, कारण आजारपणात गाडीनं रीजन बंद ठेवलं होतं. ती जाळायला गाडीला सलग पळवणं भाग होतं. घरी मी एवढंच म्हणालो, की उद्या सकाळी सातारा रस्त्यानं कापूरहोळपर्यंत जाऊन येतो, डीपीएफसाठी.

डीपीएफ हे कारण आमच्या घरात कुणाला पटलं नाही. कापूरहोळ मात्र लगेच पटलं. "तिथून नारायणपूर जवळच आहे," सासूबाई म्हणाल्या. "आणि केतकावळ्याचा बालाजी," असं ही. सकाळी निघताना गाडीत पाच माणसं, दोन डबे आणि एक नारळ होता.

नवा कात्रज बोगदा संपला आणि गाडी बोलायला लागली. म्हणजे मला कळेल असं बोलायला लागली. समोरचा ॲव्हरेजचा आकडा घसरला, एक्झॉस्टचा आवाज जरा घोगरा झाला, स्कॅनरवर गाळणीचं तापमान चारशे, पाचशे, साडेपाचशे असं चढत गेलं. रीजन सुरू. आता थांबायचं नाही. मध्ये थांबलं की अर्धवट जळतं, आणि जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर तेल कमी होण्याऐवजी वाढतं. तेल फुकट वाढतंय म्हणून खूश होणारे लोक मला ठाऊक आहेत. त्यांच्या इंजिनांची मला काळजी वाटते.

"अहो, ती बघा कणसं," ही म्हणाली.

"थांबता येणार नाही."

"दोन मिनिटं."

"सहाशे अंश झालंय."

"मग कणसं गाडीवरच भाजू."

सासूबाईंना वाटेतल्या एका देवळात हात जोडायचे होते; त्यांनी ते चालत्या गाडीतून जोडले आणि देव समजून घेईल असं जावयाकडे बघत म्हणाल्या. टोलनाक्यावर फास्टॅगनं लाज राखली, पण पुढचा ट्रक दांड्याखाली अडला तेव्हा तापमानाचा आकडा बघून माझ्या घशाला कोरड पडली. कापूरहोळला उतरलो तेव्हा इंजिन बंद केल्यावरही पंखा घरघरत होता आणि गाडीच्या पोटातून इस्त्री तापल्यासारखा वास येत होता. हॉटेलवाला म्हणाला, "गवतावर लावू नका, जळतंय काहीतरी." मी अभिमानानं म्हणालो, "जळू द्या." तो दोन पावलं मागे सरला.

या फेरीचा एक परिणाम मी गृहीत धरला नव्हता. आता दर पंधरवड्याला कुणीतरी विचारतं, गाळणी भरली असेल ना हो? मोरगाव झालं, जेजुरी झाली. सासूबाईंच्या मैत्रिणींत "त्यांच्या गाडीला देवाला न्यावं लागतं" अशी बातमी आहे, आणि ती खोटी आहे असं म्हणता येत नाही.

पीयूसीची मुदत संपत आली होती, म्हणून तेही उरकून घ्यायचं ठरवलं. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं तेव्हापासून या तपासण्यांकडे मी जरा आदरानं बघतो. त्या कंपनीच्या गाड्या तपासणीच्या यंत्रावर चढल्या की ओळखायच्या आणि तेवढ्यापुरता धूर आवरायच्या. जगभर अशा एक कोटीहून जास्त गाड्या निघाल्या. आमच्याकडे पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातल्या व्हॅनमधला मुलगा इतक्या खोलात जात नाही. त्यानं नंबर प्लेटचा फोटो काढला, एक्झॉस्टमध्ये नळी खुपसली आणि मला पाय दाबायला सांगितला. मी दाबला. त्यानं स्क्रीनकडे बघितलं, नळी काढून झटकली, परत घातली.

"अजून दाबा."

दाबला. त्यानं एक्झॉस्टच्या आतून बोट फिरवून बघितलं. बोट जसंच्या तसं. मग तो खिडकीपाशी आला.

"साहेब, थोडा तरी धूर काढा ना. आकडाच येत नाही. असं सर्टिफिकेट दिलं की लोकांना वाटतं, आम्ही नळी घातलीच नाही."